देव न मानणाऱ्या घरातली मयत: काय ठेवायचं, काय सोडायचं

देव मानत नाही, आत्मा-परलोक काही मानत नाही, पण घरातलं माणूस गेल्यावर नुसता दाखला काढून मोकळं होणं जमणार नाही, असं वाटणारे लोक महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्यांची पंचाईत अशी की तयार विधी पटत नाहीत आणि त्या जागी दुसरं काही तयार नसतं. मग रात्री दोन वाजता मोठे काका म्हणतील तसं होतं आणि तेराव्यापर्यंत घरात धुसफूस चालू राहते. ती टाळायची तर बराचसा विचार आधी करून ठेवावा लागतो. पुढचं सगळं मुख्यतः हिंदू घरांतल्या पद्धती डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. जातीजातीत आणि जिल्ह्याजिल्ह्यात फरक असतो, तो ज्याचा त्याने धरावा.

कोणताही विधी समोर आला की दोन प्रश्न विचारायचे. हा विधी मेलेल्या माणसाबद्दल काय दावा करतो? आणि जिवंत माणसांकडून काय करून घेतो? दावा पटत नसेल तर सोडून द्या. करून घेतलेलं काम मात्र सोडू नका, ते दुसऱ्या मार्गाने करा. ही काही नवी युक्ती नाही. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने लग्न आणि अंत्यविधी ठेवले, मधला पुरोहित काढला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे, पण बौद्ध घरात मयत झाली की त्रिशरण-पंचशील होतं, जलदान विधी होतो, माणसं जमतात. विधी नाकारणाऱ्या ज्या चळवळी टिकल्या, त्यांनी रिकामी जागा ठेवली नाही.

आधी कागद

इच्छा लेखी असावी. एकच पान पुरतं. त्यात एवढं असावं: देहदान की दहन की दफन, नेत्रदान, विद्युतदाहिनी की लाकडं, अग्नी कोणी द्यायचा, राखेचं काय करायचं, दहावा-तेरावा करायचा की नाही आणि नसेल तर त्याऐवजी काय, कोणत्या गोष्टी अजिबात करायच्या नाहीत, आणि शेवटी, मतभेद झाला तर कोणाचा शब्द अखेरचा. हा शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात, आणि भांडण तिथेच होतं. खाली सही, तारीख, दोन साक्षीदार. साक्षीदारांत एक जण भावकीतला किंवा सासरच्या बाजूचा घ्यावा, म्हणजे ‘हे मुलांनीच लिहून घेतलं’ असं कोणी म्हणत नाही.

हा कागद मृत्युपत्राच्या पाकिटात ठेवू नका. मृत्युपत्र उघडेपर्यंत राख थंड झालेली असते. औषधांच्या फायलीत ठेवा आणि त्याचा फोटो तीन-चार जणांच्या फोनवर पाठवून ठेवा. प्रत्यक्षात निर्णय त्या वेळी हजर असलेले जवळचे नातेवाईक घेतात, म्हणून कागदापेक्षाही त्यांना आधी तोंडाने सांगितलेलं असणं महत्त्वाचं.

इच्छा अंमलात येण्याजोगी आहे का, हेही बघावं. जोतीराव फुल्यांनी आपल्याला मिठात घालून पुरावं असं लिहून ठेवलं होतं. १८९० साली ते गेले तेव्हा नगरपालिकेने निवासी जागेत पुरायला परवानगी दिली नाही आणि दहन करावं लागलं. शेतात दफन, घरामागे समाधी, आवडत्या टेकडीवर दहन असं काही मनात असेल तर ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत आजच विचारून घ्या. याच्या उलट, सावरकरांनी यांत्रिक वाहन, विद्युतदाहिनी, पिंडदान-काकस्पर्श नको, दुकानं बंद ठेवू नका, असं एकेक बाब नाव घेऊन लिहिलं होतं. मतं कोणाची कशीही असोत, लिहिण्याची ही पद्धत उपयोगाची. ‘कर्मकांड करू नये’ एवढंच लिहिलं तर कर्मकांड म्हणजे काय यावरच तेरा दिवस चर्चा होते.

पहिले सहा तास

घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म ४ए, घ्यावं लागतं. नेहमीचे डॉक्टर कोण आणि ते रात्री येतील का, हे आजारपणातच विचारून ठेवा. रुग्णालयातल्या मृत्यूची नोंद रुग्णालय कळवतं, घरच्या मृत्यूची घरच्यांनी करायची. मुदत २१ दिवस. दाखल्यावरचं नाव आधारवर आणि बँकेत आहे तसंच, अक्षर न् अक्षर जुळवून बघा. पुढे वारसाच्या कामात नाव न जुळल्याने जेवढे हेलपाटे होतात तेवढे दुसऱ्या कशानेही होत नाहीत.

नेत्रदान सहा तासांच्या आत व्हायला हवं. नेत्रपेढीला फोन केल्यावर तीन गोष्टी करा: पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी देऊन डोकं सहाएक इंच वर ठेवा. पंखा चालू राहिला तर बुबुळं सुकतात. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, मधुमेह यांनी नेत्रदान अडत नाही. एचआयव्ही, कावीळ बी-सी, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर घेत नाहीत. काम अर्ध्या तासात होतं, चेहरा विद्रूप होत नाही. ही गोष्ट आईला, मावशीला नेत्रपेढीचे लोक येण्याआधीच सांगा.

देहदानाचं ठरलं असेल तरी दुसरी सोय मनात धरून ठेवा. शवविच्छेदन झालेला, संसर्गजन्य आजाराचा किंवा खराब व्हायला लागलेला देह वैद्यकीय महाविद्यालय घेत नाही. अपघात, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू यांत पोलीस आणि शवविच्छेदन आलंच, म्हणजे देहदान बाद. सुट्टीच्या दिवशी शरीररचना विभागात कोण असतं आणि गाडी ते पाठवतात की आपण न्यायची, हे अर्ज भरतानाच विचारा.

देहदानात एक गोष्ट राहून जाते. गाडी येते, सह्या होतात, देह जातो, आणि वीस मिनिटांत घर रिकामं होतं. तिरडी नाही, स्मशान नाही, राख नाही. घरच्यांना काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं खरं आहे, कारण विधी करून घेत असलेली सगळी कामं एका झटक्यात गेलेली असतात. म्हणून गाडी यायच्या आधी तासभर अंत्यदर्शन ठेवा. देहाला स्नान घालायचं असेल तर घाला, आवडीचे कपडे घाला, प्रत्येकाला हाताने फूल वाहू द्या. देह उचलताना घरच्यांनी खांदा द्यावा, फाटकापर्यंत का होईना.

छातीत पेसमेकर असेल तर दहनाआधी तो काढावाच लागतो, दाहिनीत त्याचा स्फोट होऊ शकतो. डॉक्टरांना आठवणीने सांगा.

स्मशानात

पास काढतानाच तिथल्या माणसाला सांगा की मंत्राग्नी नको, आम्ही आमच्या पद्धतीने करणार आहोत. हे न सांगता गेलात तर तिथे असलेले गुरुजी आपलं काम सुरू करतात. भर स्मशानात त्यांना थांबवणं त्यांच्यासाठी अपमानाचं आणि तुमच्यासाठी लाजिरवाणं. त्यांची काही चूक नसते.

मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीला मडक्याला दगडाने भोक, शेवटी मागे न बघता मडकं टाकणं: यातला दावा नको असेल तर सोडा, पण जवळच्या माणसाने देहाभोवती एकदा फिरणं ठेवायला हरकत नाही. त्यामुळे ज्याचं दुःख सगळ्यांत मोठं त्याला सगळ्यांसमोर दोन मिनिटं मिळतात. मुलीने, बायकोने अग्नी द्यावा की नाही यावर आजही कुजबुज होते. जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवं (प्रेतापुढे धरायचं मडकं) कोणी धरायचं यावरून वाद झाला तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतलं. त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली.

विद्युत किंवा गॅसदाहिनी असेल तर काच, प्लॅस्टिक, धातू काढून ठेवावे लागतात. दहनाला साधारण दीड तास लागतो आणि राख बहुधा त्याच दिवशी मिळते. लाकडाच्या चितेला तीनएकशे किलो लाकूड जातं आणि राख दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सावडावी लागते. दाहिनीचं दार बंद झालं की लोक लगेच पांगतात. चितेपाशी मात्र थांबतात. म्हणून दाहिनीआधी दोन मिनिटं शांतता आणि एकाच माणसाचं तीन मिनिटांचं बोलणं ठेवा. तीनच. उभ्या माणसांपुढे पुरोगामी विचारांवर वीस मिनिटं भाषण देणारा मित्र प्रत्येक वर्तुळात असतो, त्याला स्मृतिसभेला बोलवा.

परतल्यावर निंबाचा पाला चावायचा की नाही, हा घरोघरचा प्रश्न. आंघोळ मात्र सगळ्यांनी करावी. थकलेल्या माणसांना तेवढीच उठवून कामाला लावते. शेजाऱ्यांनी आणलेला पिठलं-भात नाकारू नये.

राख

नदीत टाकायची नसेल तर शेतात, बागेत खड्डा घेऊन झाड लावण्याची पद्धत आता बरीच रुळली आहे. पण बरीच झाडं जगत नाहीत, आणि त्याचं एक कारण राखच असते. दाहिनीतून मोठ्या माणसाची दोन-तीन किलो राख मिळते. ती क्षारयुक्त आणि खारट असते. सगळी एकाच खड्ड्यात, थेट मुळांशी ओतली तर रोप करपतं. खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल घ्या. अस्थींचे तुकडे तळाला टाका, वर अर्धा फूट माती. राखेतली दोन-तीन ओंजळी शेणखत-माती यांत नीट मिसळून वापरा, उरलेली शेतभर पातळ पसरा. रोप उन्हाळ्यात लावत असाल तर पाणी कोण घालणार हे त्याच दिवशी ठरवा. वडिलांच्या नावाचं झाड वाळलेलं बघणं कोणालाच सोसत नाही. शहरात राहणाऱ्यांनी म्हणून कुंडीचा हट्ट धरू नये, गावाकडचा बांध बरा.

दहा दिवस

सुतक मानत नाही म्हणून तिसऱ्या दिवशी मुलगा कामावर, सून कामावर, आणि घरात आई एकटी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच हकीकत तीसदा सांगते आहे: हे दृश्य नास्तिक घरांत फार दिसतं. सुतकात शिवाशिव होती, अपवित्रतेची कल्पना होती, ती गेली तर बरंच. पण दहा दिवस घरच्यांनी स्वयंपाक करायचा नाही, कुठे जायचं नाही, कोणाला हसून दाखवायचं नाही, ही सूटही त्यातच होती. ती सूट ठेवा. बाहेरून डबा आणणाऱ्यांची पाळी लावा. भेटायला यायच्या वेळा ठरवून कळवा, सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी पाच ते सात. रोज एक जण आईजवळ बसणारा आणि एक जण दार-चहा-फोन बघणारा. भेटून निघताना ‘येतो’ न म्हणता उठून जायची पद्धत आहे, ती पाळणाऱ्याला ‘अहो, तसं काही नसतं’ म्हणून थांबवू नका.

दिवा लावून ठेवायचा असेल तर ठेवा. फोटोपुढचा दिवा कोणाला काही पटवून द्यायला लावलेला नसतो. त्याखाली पीठ पसरून पावलं कोणाची उमटली ते बघणं आपल्याला नको, पण आजी बघत असेल तर तिथे उंदरावर व्याख्यान देऊ नये.

काकस्पर्श आणि त्यातलं खरं काम

सगळ्यांत मोठा वाद दहाव्याला होतो. घाटावर भाताचे पिंड मांडतात, माणसं मागे सरकून उभी राहतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. शिवला नाही की कोणीतरी पुढे होऊन हात जोडून मोठ्याने म्हणतं, ‘तुमच्या धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ.’ थोडं थांबतात. मग दुसरा, ‘आईला अंतर देणार नाही.’ ‘विहिरीचं काम पुरं करू.’ एकेकाला गेलेल्या माणसाच्या राहिलेल्या गोष्टी आठवायला लागतात. शेवटी कावळा येतो, नाहीतर दर्भाचा कावळा करून शिवतात.

कावळा बाजूला काढा. उरतं ते असं: गेलेल्या माणसाच्या अपुऱ्या जबाबदाऱ्या कोण उचलणार, हे चार लोकांसमोर बोलून घेतलं जातं. ही सोय नास्तिक घरात बहुधा कुठेच होत नाही, आणि वर्षभराने भावाभावांत ‘मी कधी म्हणालो होतो’ सुरू होतं. म्हणून दहाव्या दिवशी घरच्याच माणसांची, फार तर दहा-बारा जणांची, तासाभराची बैठक घ्या. आईची औषधं आणि दवाखाना कोण बघणार, ती राहणार कुठे (हे तिलाच विचारा), कर्जाचा हप्ता, शिकणाऱ्या मुलाची फी, वाट्याने शेत कसणारा, घरातला कुत्रा. प्रत्येकाने आपण काय घेतो ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं.

इथे बिघडतं ते दोन प्रकारे. एक, भावनेच्या भरात झेपणार नाही असं बोललं जातं. त्यामुळे आदल्या दिवशी प्रत्येकाशी वेगळं बोलून आकडा आणि मुदत ठरवून घ्या. ‘आईकडे बघू’ यापेक्षा ‘दर महिन्याच्या एक तारखेला इतके’ बरं. दुसरं, कोणीतरी तिथेच जमिनीच्या वाटणीचा विषय काढतं. बैठक चालवणाऱ्याने तो विषय तिथे घ्यायचा नाही असं सुरुवातीलाच सांगावं. चालवणारा माणूस वाटेकरी नसलेला असावा, मामा किंवा आत्याचे यजमान. ठरलेलं वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या.

तेरावा नाही, मग दुखवटा संपतो कधी?

दुखवट्याला शेवट लागतो. सोयरे येऊन टोपी-उपरणं देतात, गोड घास भरवतात, त्यानंतर माणसाने दाढी करावी, कामाला लागावं, सण करावा असं धरलं जातं. हा शेवट नसला की शोकात असलेल्याला कधी हसावं तेच कळेनासं होतं. तेरावा करायचा नसेल तर तेराव्याच्या आसपासच स्मृतिसभा ठेवा आणि तिच्या शेवटी सगळ्यांना काहीतरी गोड द्या. महिनाभर पुढे ढकलू नका, लांबचे नातेवाईक दोनदा येत नाहीत.

सभा सव्वा तासाच्या वर नको. पाच वक्ते, प्रत्येकी पाच मिनिटं: एक घरातला, एक कामावरचा, एक लहानपणचा, एक शेजारचा, एक तरुण नातलग. पाचांपैकी दोन बायका असाव्यात, न ठरवता तसं होत नाही. गाणं, अभंग चालतो. आयुष्यभर देव न मानणाऱ्या पण अभंगावर जीव असलेल्या माणसासाठी तो गायला तर काही विसंगत नाही. पुढाऱ्याला व्यासपीठ दिलंत तर सभा त्याची होते, म्हणून व्यासपीठच ठेवू नका. जेवण साधं. वाचलेल्या पैशातून देणगी द्यायची असेल तर एका ओळीत सांगा. रकमेची घोषणा करून टाळ्या घेणं बरं दिसत नाही.

घरात मतं दोन असतील तेव्हा

गेलेली व्यक्ती श्रद्धाळू आणि तुम्ही नाही, तर तिच्या इच्छेप्रमाणे करा. ‘मी मानत नाही, आईसाठी करतोय’ हे जवळच्यांना एकदा सांगा आणि विषय संपवा. पिंड वळताना तोंड वाकडं करणं हा विचारस्वातंत्र्याचा भाग नव्हे. बसायला अगदीच नको वाटत असेल तर बहीण किंवा चुलतभाऊ बसू शकतो, तुम्ही शेजारी बसा. गुरुजींना थोडक्यात करायला सांगता येतं. दक्षिणा आधी ठरवा.

गेलेली व्यक्ती नास्तिक आणि मागे राहिलेला जोडीदार श्रद्धाळू, हे जास्त अवघड. अशा वेळी चारचौघांत जे होईल ते गेलेल्याच्या इच्छेने आणि घरात, देवघरात जे होईल ते जोडीदाराच्या इच्छेने, अशी वाटणी बहुतेक घरांत चालते. तिने गीतेचा अध्याय लावला म्हणून त्याचा विचार हरत नाही.

दोन-तीन बाबतींत मात्र ‘लोकांसाठी करून टाकू’ म्हणू नये. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी-मंगळसूत्र काढणं यांत जिवंत बाईला सगळ्यांदेखत कमी केलं जातं, त्यातून वाचवण्याजोगं काही काम निघत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसंच करण्याचं परिपत्रक काढलं. गावात वाद झाला तर हा दाखला कामाला येतो. अंत्ययात्रा निघायच्या आधी दोन धीट बायकांना तिच्या शेजारी बसवा, कारण हे सगळं पुरुष बाहेर असताना आत दोन मिनिटांत उरकलं जातं. दुसरं, जेवणावळीसाठी कर्ज. तिसरं, लहान मुलाचं त्याच्या मनाविरुद्ध मुंडन. आणि विधी केला नाही म्हणून जातपंचायत किंवा भावकी वाळीत टाकायची भाषा करत असेल, तर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बहुतेक ठिकाणी कायद्याचं नाव घेतलं की आवाज खाली येतो. न आल्यास पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या.

वर्षश्राद्धाच्या जागी काय, ते पहिल्या वर्षातच ठरवा. तिथी नको असेल तर इंग्रजी तारीख धरा, पण एकच धरा. एक भाऊ तिथीला आणि दुसरा तारखेला जमवायला लागला की तिसऱ्या वर्षी कोणीच जमत नाही.